गोंदियातली चाळीस जीबी : प्लेस्टेशन टूच्या हार्ड डिस्कची गोष्ट

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढला आहे. बोलताना झालेली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी मजकूर तोच.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा काय इतिहासाचा विषय झाला का? किल्ले नाहीत, लढाया नाहीत, सनावळ्या आहेत पण त्याही अगदी अलीकडच्या. आज आपण बोलणार आहोत प्लेस्टेशन टू या व्हिडिओ गेमच्या यंत्राला लावायच्या हार्ड डिस्कबद्दल. कुठली डिस्क चालायची, कुठली नाही, का नाही, आणि ते शोधून कोणी काढलं. आणि हे सगळं आपण बघणार आहोत गोंदियातून. टोकियोतून किंवा अमेरिकेतून सांगितलेली ही गोष्ट इंटरनेटवर भरपूर सापडते. गोंदियातून सांगितलेली सापडत नाही. मी इथलाच, म्हणून म्हटलं आपणच सांगून टाकू.

कंपनीचा बेत काय होता

आधी यंत्राची ओळख. प्लेस्टेशन टू जपानमध्ये 4 मार्च 2000 रोजी विकायला आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत आणि नोव्हेंबरमध्ये युरोपात. पुढे त्याचे 15 कोटींहून जास्त नग विकले गेले. घरात ठेवायच्या गेम यंत्रांमध्ये इतका खप दुसऱ्या कुठल्याही यंत्राचा झालेला नाही.

हे पहिलं जाडं मॉडेल ज्यांनी पाहिलंय, त्यांना त्याची मागची बाजू आठवत असेल. मागे एक झाकण होतं. ते काढलं की आत एक मोकळी खोली दिसायची. बहुतेकांनी ते झाकण कधी उघडलंच नाही. पण ती खोली उगाच ठेवलेली नव्हती. साध्या कॉम्प्युटरमध्ये बसते तशी साडेतीन इंची हार्ड डिस्क बसेल, नेमकी तेवढी जागा तिथे होती.

गंमत म्हणजे जपानमधल्या अगदी पहिल्या मॉडेलांत ही खोली नव्हती. त्यांना लॅपटॉपला असायचा तसा पीसी कार्डचा खाचा होता आणि हार्ड डिस्क वेगळ्या डब्यात, बाहेर, केबलने जोडावी लागायची. म्हणजे पहिल्या दोन-तीन वर्षांतच एका यंत्राच्या दोन जाती झाल्या. एकीची डिस्क बाहेर, दुसरीची आत. एकीचा सुटा भाग दुसरीला लागत नाही. "जुळतं का?" हा प्रश्न इथूनच सुरू होतो. आपल्याकडच्या दुकानदारांनी तो निर्माण केलेला नाही, कंपनीच्या कारखान्यातूनच तो बाहेर पडला.

सोनीची स्वतःची डिस्क 40 जीबीची होती. जपानमध्ये ती 2001 मध्ये आली. मे 2002 मध्ये तिथे फायनल फँटसी इलेव्हन हा ऑनलाइन खेळ आला, आणि तो डिस्कशिवाय चालायचाच नाही. अमेरिकेत ही डिस्क यायला मार्च 2004 उजाडलं. तिथेही ती त्याच खेळाबरोबर, साधारण 100 डॉलरला. मधल्या काळात, 2002 मध्ये, सोनीने लिनक्सचा एक संच विकला. त्यात डिस्क, नेटवर्क अडॅप्टर, कीबोर्ड, माऊस असं सगळं होतं. तो लावला की गेमच्या यंत्राचा चक्क कॉम्प्युटर व्हायचा. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या सुपरकॉम्प्युटिंग केंद्राने 2003 मध्ये अशी साठ-सत्तर यंत्रं एकमेकांना जोडून त्यांच्यावर शास्त्रीय गणितं सोडवून पाहिली होती.

म्हणजे बेत मोठा होता. खेळ, इंटरनेट, कॉम्प्युटर, सगळं एका डब्यात. पण बेत मोठा असला तरी पुढे रस्ता चिंचोळा निघाला. डिस्कचा खरा उपयोग करणारे खेळ थोडेच आले. रेसिडेंट ईव्हिल आउटब्रेकसारख्या खेळात डिस्कमुळे लोडिंगचा वेळ कमी व्हायचा, सोकॉम टूमध्ये नवे नकाशे उतरवून घेता यायचे. यादी यापुढे फार लांबत नाही. डिस्क विकत घ्यायला लोक तयार नाहीत, कारण खेळ नाहीत. खेळ करायला कंपन्या तयार नाहीत, कारण लोकांकडे डिस्क नाही.

शेजाऱ्याने काय केलं

याच काळात मायक्रोसॉफ्टने दुसरी वाट धरली. नोव्हेंबर 2001 मध्ये आलेल्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये 8 जीबीची डिस्क आधीपासूनच आत होती. ज्याने यंत्र घेतलं त्याच्याकडे डिस्क आहेच, त्यामुळे खेळ बनवणारा बिनधास्त. पण त्या डिस्कला कुलूप होतं. प्रत्येक डिस्क तिच्याच यंत्राच्या मदरबोर्डशी पासवर्डने बांधलेली असायची. एका एक्सबॉक्सची डिस्क काढून दुसऱ्याला लावली तर ते यंत्र तिला ओळख देत नसे.

सोनीने कुलूप वेगळ्या ठिकाणी लावलं. तुम्ही बाजारातली कुठलीही आयडीई डिस्क त्या खोलीत बसवा, ती फिरेल. पण सोनीचं अधिकृत सॉफ्टवेअर डिस्कला विचारायचं की तू सोनीची आहेस का? सोनीच्या डिस्कला त्याचं उत्तर देता यायचं, बाजारातल्या डिस्कला नाही. कनेक्टर तोच, वीज तीच, आकार तोच, फक्त ओळखपत्र नाही.

हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण गोंदियातली सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. यंत्राला साधी डिस्क चालत होती. चालत नव्हती ती फक्त कंपनीच्या सॉफ्टवेअरला.

आणि मग खोलीच बुजवली

2004 च्या शेवटी सोनीने प्लेस्टेशन टूचं सडपातळ मॉडेल आणलं. पुस्तकाएवढं यंत्र, नेटवर्कचं पोर्ट आतच दिलेलं, पण मागची खोली गायब. म्हणजे अमेरिकेत डिस्क विकायला सुरुवात केली मार्चमध्ये, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस डिस्क बसणारं यंत्र बनवणं आवरतं घेतलं! ज्यांनी 100 डॉलर मोजले होते त्यांना काय वाटलं असेल ते तुम्हीच समजून घ्या.

कंपनीपुरता विषय इथे संपला. पण साधारण याच सुमारास एक वेगळंच सॉफ्टवेअर पसरू लागलं होतं, एचडी लोडर नावाचं. त्याचं काम एकच. खेळाची अख्खी डीव्हीडी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायची आणि तिथूनच खेळ चालवायचा. ते सोनीचं नव्हतं, सोनीला ते आवडण्याचंही कारण नव्हतं. आणि मुख्य म्हणजे ते डिस्कला ओळखपत्र विचारत नव्हतं.

पुढे 2008 मध्ये फ्री एमसी-बूट आलं. 8 एमबीच्या साध्या मेमरी कार्डवर ते टाकलं की यंत्र न उघडता, आत चिप न बसवता, बाहेरचं सॉफ्टवेअर सुरू व्हायचं. पाठोपाठ ओपन पीएस-टू लोडर आलं. ते फुकट आणि मुक्त स्रोताचं, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेलं, आजही सुधारलं जाणारं. कंपनीने सोडून दिलेली खोली दुसऱ्याच लोकांनी वापरायला घेतली, असं म्हणा ना.

गोंदियाला हे का हवं होतं

आता गोंदियाला येऊ.

गोंदिया म्हणजे हावडा-मुंबई मार्गावरचं जंक्शन. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला. धानाचा प्रदेश, राईस मिलांचं गाव. नागपूर रेल्वेने साधारण 130 किलोमीटर. सकाळच्या गाडीने जायचं, सीताबर्डीत कॉम्प्युटरचे सुटे भाग घ्यायचे आणि रात्रीपर्यंत परत. आमच्याकडच्या दुरुस्तीवाल्यांचा हा नेहमीचा फेरा. इकडे छत्तीसगड, तिकडे बालाघाट. त्यामुळे दुकानात मराठी, हिंदी, पोवारी, झाडीबोली सगळं एकाच वेळी चालायचं, आणि खेळाची नावं मात्र इंग्रजीत.

घरी प्लेस्टेशन असणारी मुलं मोजकी. बाकीचे आम्ही पार्लरमध्ये जायचो. पार्लर म्हणजे फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. एक गाळा, दोन-तीन जुने पिक्चर ट्यूबचे टीव्ही, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पंखा आणि दाराला पडदा. तासावर पैसे. डब्ल्यूडब्ल्यूई, टेकन, जीटीए सॅन अँड्रियास, आणि ईएचं क्रिकेट. क्रिकेट 07 आलं तेव्हा त्या टीव्हीसाठी रांग लागायची.

पार्लरच्या मालकाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा असेल? गिऱ्हाइकाचा नाही, भाड्याचाही नाही. त्रास डीव्हीडीचा. दिवसाला दहा-बारा वेळा डिस्क काढायची, घालायची. मुलांच्या हाताला कुरकुऱ्याचं तेल. आठवड्याभरात डिस्कवर ओरखडे, महिन्याभरात खेळ मध्येच अडकायला लागतो. त्यातून यंत्रातली लेझरची काच. आमच्या भागात हंगामात मिलांचा कोंडा आणि धूळ हवेत असतेच, ती पडद्याने अडत नाही. लेझर थकली की डिस्क वाचता येत नाही, आणि लेझर बदलायची म्हणजे पुन्हा नागपूर.

हार्ड डिस्क लावली की हे दोन्ही त्रास एकदम संपतात. डीव्हीडी काढणं-घालणं नाही, लेझरला काम नाही. यादीतून खेळ निवडायचा आणि चालू. एका थराची डीव्हीडी साडेचार जीबीच्या आसपास. म्हणजे 40 जीबीत आठ-नऊ मोठे खेळ, 80 जीबीत त्याच्या दुप्पट. पार्लर चालवायला तेवढे पुरेसे होते. मुलं तसंही तेच पाच-सहा खेळ खेळायची.

शिवाय 2005 नंतर आमच्याकडे जुने कॉम्प्युटर भंगारात निघायला लागले होते. सायबर कॅफे, डीटीपीची दुकानं, कार्यालयं यांतून 40 जीबीच्या आयडीई डिस्क बाहेर पडत होत्या. जाडं प्लेस्टेशन सेकंडहँड मिळत होतं, कारण शहरातल्यांना सडपातळ हवं होतं. महाग गोष्ट एकच होती, नेटवर्क अडॅप्टर. डिस्क त्याच्याच पाठीवर बसते, त्याशिवाय ती जोडताच येत नाही. हा अडॅप्टर मुंबईहून किंवा कोणाच्या तरी ओळखीने परदेशातून यायचा. सोनीची मूळ 40 जीबी डिस्क मात्र मी गोंदियात कधी कोणाकडे पाहिली नाही.

वहीतली यादी

या भागासाठी मी गोंदियातल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्या भाऊंशी बोललो. नाव घेऊ नको म्हणाले, म्हणून घेत नाही. त्यांच्याकडे अजून एक वही आहे. दोनशे पानी, शाळेची. त्यात एका बाजूला डिस्कचा मॉडेल नंबर आणि दुसऱ्या बाजूला "चालली", "नाही चालली", "चालली पण गरम", असे शेरे. पुढच्या पानांवर खेळांची नावं आणि त्यांच्यासमोर आकडे. आज इंटरनेटवर अशा याद्या आहेत, तेव्हाही होत्या. पण सायबर कॅफेत तासाला पैसे भरून इंग्रजी याद्या वाचण्यापेक्षा आपणच लावून बघणं त्यांना स्वस्त पडायचं.

त्या वहीच्या आधाराने बघू या की काय काय जुळवावं लागायचं.

पहिली गोष्ट, जम्पर. आयडीई डिस्कच्या मागे बारीक पिना असतात आणि त्यांच्यावर प्लास्टिकची टोपी बसवून सांगावं लागतं की ही डिस्क मास्टर आहे की स्लेव्ह. प्लेस्टेशनला मास्टर हवी. पण वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कमध्ये "मास्टर, सोबत स्लेव्ह आहे" आणि "एकटीच आहे" अशा दोन वेगळ्या मांडण्या असायच्या. प्लेस्टेशनमध्ये दुसरी डिस्क कधीच नसते. त्यामुळे टोपी चुकीच्या जागी असेल तर चांगली डिस्कही मेल्यासारखी वागू शकते. वहीत दोन ठिकाणी "नाही चालली" खोडून "टोपी काढली, चालली" असं लिहिलंय.

दुसरी, बसण्याची जागा. कॉम्प्युटरमध्ये डेटाची पट्टी आणि विजेची वायर लवचिक असतात, डिस्क थोडी इकडेतिकडे असली तरी चालतं. नेटवर्क अडॅप्टरवर दोन्ही कनेक्टर पक्के बसवलेले. डिस्कची रचना जरा वेगळी असली की ती नीट बसत नाही, आणि जोर लावला की पिन वाकते. चाळीस पिनांतली एक वाकली तरी काम बिघडतं.

तिसरी गोष्ट हिशोबाची आहे, पण ऐका, सोपी आहे. डिस्कवरच्या प्रत्येक कप्प्याला नंबर असतो आणि एका कप्प्यात 512 बाइट मावतात. जुन्या पद्धतीत हा नंबर 28 बिटांचा. 28 बिटांत जास्तीत जास्त 26,84,35,456 कप्पे मोजता येतात. त्याला 512 ने गुणलं की होतात साधारण 137 जीबी. त्यापुढचा कप्पा असला तरी त्याला हाक मारायला नंबरच नाही. मूळ एचडी लोडर याच पद्धतीचं होतं. कॉम्प्युटरच्या जगात 48 बिटांची पद्धत 2002 च्या आसपास आलेली होती, पण प्लेस्टेशनवर ती पुढच्या सुधारित लोडरांतून आली. त्यामुळे कोणी हौसेने 160 किंवा 250 जीबीची डिस्क आणली की सुरुवातीचे खेळ झकास चालायचे आणि 137 च्या पलीकडे टाकलेला खेळ काळा पडदा दाखवायचा. गिऱ्हाईक म्हणणार डिस्क खराब, विकणारा म्हणणार यंत्र खराब. खराब दोन्ही नाहीत. भाऊंच्या वहीत पहिल्या पानावरच लाल शाईने लिहिलंय, "80 घ्या. 120 पर्यंत ठीक. पुढे नको."

चौथी गोष्ट, खेळांसमोरचे आकडे. खेळ लिहिणाऱ्यांनी तो डीव्हीडीवरून चालणार असं धरून लिहिला होता. डीव्हीडी सावकाश वाचते, सेकंदाला फार तर पाचेक एमबी. हार्ड डिस्क त्याच्या कितीतरी पट वेगाने माहिती पुढे ढकलते. काही खेळ त्या वेगानेच गोंधळायचे. काही खेळ यंत्राच्या स्मृतीतली नेमकी तीच जागा वापरायचे जिथे लोडर बसलेला असायचा. म्हणून लोडरमध्ये मोड दिलेले असायचे: मोड 1, मोड 2, मोड 3. एकाने वाचनाचा वेग आवरायचा, दुसऱ्याने वाचनाची पद्धत बदलायची, असं. कोणत्या खेळाला कोणता मोड हे करून बघूनच कळतं. भाऊंच्या वहीत खेळाच्या नावापुढे "1", "1+3", "काहीच नको", "सोडून द्या" असं आहे. या "सोडून द्या"मागे किती रात्री गेल्या असतील!

आणि पाचवी, जी सगळ्यात महागात पडायची. प्लेस्टेशनची डिस्क लिहिण्याची पद्धत विंडोजपेक्षा वेगळी आहे. खेळ भरण्यासाठी ती डिस्क कॉम्प्युटरला लावली की विंडोज विचारतं, ही डिस्क नवी दिसते, सुरू करू का? विनहिपसारखं खास सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला माहीत असायचं की इथे "नाही" म्हणायचं. दुकानातल्या नव्या पोराने सवयीने "हो" दाबलं की डिस्कच्या सुरुवातीचा भाग पुसला जायचा. खेळ आत तसेच पडलेले, पण त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता गेला. दोन रात्रींची मेहनत एका क्लिकमध्ये साफ.

लाईट

आता जी गोष्ट कुठल्याच परदेशी यादीत नाही ती सांगतो. भारनियमन.

2005 नंतरच्या त्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या लहान गावांत वीज किती जायची ते माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको. पार्लरमध्ये बॅटरी-इन्व्हर्टर असायचा, पण वीज जाण्याच्या आणि इन्व्हर्टर पकडण्याच्या मध्ये एक झटका बसतोच. हार्ड डिस्क तशी शहाणी असते. वीज गेली की आतला हात शिल्लक फिरकीच्या जोरावर बाजूला जाऊन बसतो, लगेच काच फुटल्यासारखं काही होत नाही. पण नेमकं त्या क्षणी काही लिहिणं चालू असेल तर ते अर्धवट राहतं. आणि वीज परत येताना जो दाब वाढतो, तो वेगळाच. त्यात आमचा मे महिना, पारा 45 अंशांवर, पत्र्याखालचा गाळा, आणि डिस्क यंत्राच्या मागच्या बंद खोलीत.

भाऊ म्हणाले, "डिस्क नाही जात गा. लाईट जाते, अन् डिस्कले संगं घेऊन जाते."

म्हणून त्यांनी नियम केला होता. खेळ भरायचं काम दुकानात करायचंच नाही. रात्री उशिरा, घरी, वीज टिकेल अशा वेळेला. पार्लरमध्ये डिस्क फक्त वाचायची, लिहायची नाही. सेव्ह करायचं ते मेमरी कार्डवर.

आपल्याच जिल्ह्यात तिरोड्याला 3300 मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा राहिला. त्याचा पहिला संच 2012 मध्ये सुरू झाला. तोवर पार्लरांचे दिवस सरत आले होते. मोबाइल आला होता, आणि सोनीने जानेवारी 2013 मध्ये प्लेस्टेशन टूचं उत्पादन बंद झाल्याचं जाहीर केलं.

सडपातळ यंत्राचं काय

थोडक्यात सांगतो. सडपातळ यंत्राला खोली नाही, म्हणून लोकांनी यूएसबीकडे मोर्चा वळवला. पण त्यातलं यूएसबी जुन्या 1.1 पद्धतीचं, सेकंदाला कागदोपत्री दीड एमबी. डीव्हीडीपेक्षाही हळू. खेळ चालायचा, पण मधले चित्रपटासारखे प्रसंग अडखळत यायचे. शिवाय पेन ड्राइव्हवरच्या फॅट-32 मध्ये 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून खेळाचे तुकडे करून टाकावे लागायचे. नेटवर्कच्या वायरने कॉम्प्युटरवरून खेळ चालवणं जास्त बरं, पण त्यासाठी दुकानात कॉम्प्युटर हवा. आणि शेवटच्या 90000 मालिकेतल्या उशिराच्या यंत्रांत सोनीने आतलं सॉफ्टवेअर बदललं. त्यांच्यावर फ्री एमसी-बूट चालतच नाही. दोन यंत्रं बाहेरून हुबेहूब सारखी, एक चालतं, एक नाही. तारखेचा कोड बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून आमच्याकडे जाड्या यंत्राचा भाव उलटा वाढला होता.

चोरीची बाजू

आता जे बोलायचं टाळता येत नाही ते बोलू. त्या डिस्कांवरचे बहुतेक खेळ कॉपी केलेले होते. कायद्याने ते चूक होतं, आजही आहे. 2009 मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीज कंपनीने हनुमान बॉय वॉरियर नावाचा खेळ प्लेस्टेशन टूसाठी बनवला. भारतात तयार झालेला या यंत्राचा तो पहिला खेळ. असं काही करू पाहणाऱ्यांना मूळ डिस्क विकली जाण्याचीच आशा असते. ज्या बाजारात कॉपीच चालते तिथे ती आशा किती टिकणार? हे मान्य केल्याशिवाय मला पुढचं बोलायचा हक्क नाही.

पण दुसरी बाजूही खरी आहे. गोंदियात मूळ डिस्क ठेवणारं दुकान मला माहीत नव्हतं. दुरुस्तीचं अधिकृत केंद्र जवळ नव्हतं. ज्या मुलाने त्या काळात आयडीईच्या पिना सरळ केल्या, 137 जीबीचा हिशोब स्वतः समजून घेतला, त्याला हे कुठल्याच अभ्यासक्रमात कोणी शिकवलं नव्हतं. माझ्या ओळखीतली अशी तीन मुलं आज हार्डवेअरच्या कामावर पोट भरतात. एक नागपुरात लॅपटॉप दुरुस्त करतो, एक पुण्यात डेटा रिकव्हरीत आहे, एक इथेच सीसीटीव्ही बसवतो. सीसीटीव्हीच्या डब्यातसुद्धा शेवटी हार्ड डिस्कच असते.

आणि या चोरीच्या डागामुळेच हा इतिहास कोणी लिहीत नाही. पार्लरवाला बोलत नाही, कारण त्याला वाटतं आपण काहीतरी बेकायदा केलं. दुरुस्तीवाला नाव देत नाही. कंपनीच्या इतिहासात गोंदिया असण्याचा प्रश्नच नाही. मग राहतं काय? एक वही. ती पण यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाता जाता राहिली.

आता काय उरलंय

आज परिस्थिती अशी आहे. नव्या आयडीई डिस्क बाजारात नाहीत. इंटेलच्या चिपसेटमधून 2006 पासूनच आयडीईची सोय निघायला लागली होती, हळूहळू सगळं सटावर गेलं. ज्या डिस्क शिल्लक आहेत त्या वीस वर्षांच्या झाल्यात. हौशी लोक नेटवर्क अडॅप्टरच्या आतली पट्टी बदलून सटा डिस्क किंवा एसएसडी लावतात, नव्या लोडरला 2 टीबीपर्यंतची डिस्क चालते. यंत्र जिवंत ठेवायचं असेल तर उपाय आहेत.

पण जुन्या डिस्कवर जे आहे ते उपायाने परत येत नाही. लोडरमध्ये नंतर आभासी मेमरी कार्डाची सोय आली, म्हणजे सेव्ह केलेला खेळही हार्ड डिस्कवरच राहायचा. एका दुकानाच्या डिस्कवर त्या मोहल्ल्यातल्या मुलांनी क्रिकेट 07 मध्ये स्वतःच्या नावांचे खेळाडू तयार करून ठेवले होते, अकरा जणांचा अख्खा संघ. त्यातला एक मुलगा पुढे अपघातात गेला. त्याचा धाकटा भाऊ मला विचारत होता की ती डिस्क कुठे मिळेल का. पार्लर बंद झालं, यंत्र विकलं, डिस्क किलोवर गेली असणार. मी त्याला काय सांगणार?

म्हणून या भागाच्या शेवटी एक विनंती करतो. तुमच्याकडे किंवा ओळखीत कोणाकडे अशी जुनी डिस्क पडून असेल, तर ती भंगारात द्यायच्या आधी थांबा. आयडीई ते यूएसबी जोडणारा कनेक्टर अजून मिळतो, फार महाग नाही. विंडोजने "सुरू करू का" विचारलं तर नाही म्हणा. आणि काही करायच्या आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून घ्या. डिस्क टकटक आवाज करत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, तज्ज्ञाकडे द्या. आणि डिस्क नसेल पण अशी एखादी वही असेल, तर तिच्या पानांचे फोटो काढून ठेवा. भाऊंच्या वहीचे मी काढलेत. एकशे बारा पानं भरली. खेळांच्या नावांची स्पेलिंगं जवळजवळ सगळी चुकलेली आहेत, मोड मात्र मी जिथे जिथे ताडून पाहिले तिथे बरोबर निघाले.

पुढच्या भागात केबल टीव्हीवाल्यांच्या गच्चीवर जाऊ. तोवर नमस्कार.